वाट कोणी कोणास द्यावी?

अरुंद वाटेवर दोन माणसे समोरासमोर आली आणि वाट एकालाच पुरेल एवढी असली, तर बाजूला कोणी व्हायचे? प्रश्न दिसायला अगदी लहान. शेताच्या बांधावर तो दिवसातून दहा वेळा पडतो आणि कोणी शब्द न बोलता सुटतोही. डोक्यावर भारा असलेली बाई दिसली की रिकाम्या हाताचा गडी पाय काढून बाजूच्या ढेकळांत उभा राहतो. त्याला हे कोणी शिकवलेले नसते आणि त्यात आपण फार मोठे पुण्य केले असेही त्याला वाटत नाही.

हाच प्रश्न आता शहरांच्या भर पेठेत येऊन उभा राहिला आहे, आणि तिथे मात्र तो सुटत नाही. पेठेचे रस्ते जुने, माणसांच्या आणि बैलगाड्यांच्या मापाने आखलेले. त्यावर मोटारी आल्या, फटफट्या आल्या, दोन्ही कडांना त्यांचे तळ पडले. पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला उरली ती गटाराकडची वीतभर जागा. म्हणून ठिकठिकाणी असा विचार चालू आहे की, शहराच्या मध्यभागातले काही रस्ते प्रथम चालणाऱ्यांचे आणि सायकलींचे असावेत, आणि यंत्राच्या वाहनांनी तिथे पाहुण्यासारखे, हळू आणि आवरून यावे.

आता आमचे वाचक विचारतील, आणि एका गृहस्थांनी विचारलेच, "महाराज, हे शहरातल्या लोकाईचं लचांड. आपल्या मासिकाले त्याचं काय करायचं?" त्यांना उत्तर असे की, वारकरी म्हणजेच मुळी वाट चालणारा. आपल्या संप्रदायाचे नावच चालण्यावरून पडले. ज्याचे साधन पाय, त्याने पायांच्या वाटेविषयी बोलू नये तर कोणी बोलावे? शिवाय, वाट कोणी कोणास द्यावी हा प्रश्न नगरपालिकेच्या आधी धर्मशास्त्राने विचारलेला आहे, तो आपल्याला टाळता येणार नाही.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात याविषयी स्पष्ट विधान आहे. चाकाच्या वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, विद्या संपवून आलेला स्नातक, राजा आणि नवरदेव, एवढ्यांना वाट द्यावी असे तिथे सांगितले आहे. हे सगळे एकत्र आले तर स्नातक आणि राजा यांना मान, आणि त्या दोघांतही राजाने स्नातकाला मान द्यावा. याज्ञवल्क्यस्मृतीत जवळपास हीच यादी आहे, फक्त तिथे आरंभी वृद्ध आणि ओझेवाला येतात आणि चाकाचा वाहनवाला अगदी शेवटी येतो. छंदाच्या सोयीने असे क्रम मागेपुढे होतात, त्यामुळे क्रमावर मी भर देत नाही. यादीवर मात्र देतो.

इथे मोटारवाला हसेल. तो म्हणेल, "पाहा, चाकावाल्याला वाट द्या असे तुमचेच शास्त्र सांगते!" आक्षेप खरा आहे आणि तो झाकून पुढे जाणे हे शास्त्र शिकलेल्याला शोभत नाही. पण शास्त्राचे वचन वाचताना त्यामागचा हेतू पाहावा लागतो, ही मीमांसेची पहिली शिकवण. या यादीत राजा, स्नातक आणि नवरदेव हे तिघे मानाचे धनी. ते बाजूला ठेवा आणि उरलेल्यांकडे पाहा. म्हातारा, आजारी, ओझेवाला, स्त्री, आणि त्यांच्या पंगतीला रथ किंवा गाडीवाला. यांच्यात सारखे काय? धन नव्हे, बळ नव्हे. सारखे एवढेच की, बाजूला सरणे यांना इतरांपेक्षा जड जाते. म्हाताऱ्याचे गुडघे वळत नाहीत, ओझेवाल्याची मान वळत नाही, गरोदर बाईला उडी मारता येत नाही, आणि जुंपलेले बैल चाकोरीतून एकदम बाहेर काढता येत नाहीत. म्हणजे नियम असा निघाला: ज्याला सरणे सोपे, त्याने सरावे. ज्याला कठीण, त्याला वाट मिळावी.

आता हाच हेतू आजच्या पेठेला लावा. मोटारीला थांबायला काय लागते? पायाचा एक दाब. वळायला काय लागते? हाताचा एक हेलकावा. बैलगाडीची अडचण तिला नाही. उलट, समोरची आजी, कडेवर पोर घेतलेली आई, सायकलच्या दांडीवर दप्तर अडकवून चाललेली मुलगी, यांना क्षणात सरता येत नाही. गाडीवानाला वाट मिळायची ती त्याच्या असहायतेमुळे. ती असहायता आज यंत्रवाल्याकडून पायवाल्याकडे आली आहे. हेतू पालटला तर विधीही पालटतो. तेव्हा मनूचे नाव घेऊन भोंगा वाजवणाऱ्याने ते नाव जरा जपून घ्यावे.

महाभारतात वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. आठ ठिकाणी अंग वाकडे झालेला पोरगा जनकराजाच्या यज्ञाला निघाला आणि वाटेत राजाच त्याला आडवा आला. पोराला बाजूला काढू लागले, तेव्हा तो राजाला वाटेचा धर्म सांगू लागला. आंधळ्याची वाट त्याने पहिली सांगितली, मग बहिऱ्याची, मग स्त्रीची, मग ओझेवाल्याची आणि मग राजाची. राजाचीही वाट कुठपर्यंत, तर ब्राह्मण समोर येईपर्यंत. जनकाने ऐकले आणि वाट दिली. या कथेत मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे आंधळा आणि बहिरा आरंभी आले. ज्याला वाहन दिसत नाही आणि ज्याला भोंगा ऐकू येत नाही, त्याचाच रस्ता आधी. दुसरी म्हणजे राजाने बाजूला होण्यात आपला कमीपणा मानला नाही.

पण अष्टावक्राने शेवटी हक्क सांगितला तो जातीच्या नावाने. संतांनी तिथे थांबू दिले नाही. आद्य शंकराचार्यांची काशीतली आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे, मनीषापंचक हे स्तोत्र तिच्याशी जोडलेले आहे. गंगेच्या वाटेवर चांडाळ समोर आला, त्याला बाजूला व्हायला सांगितले. त्याने विचारले, बाजूला कोणी व्हावे म्हणता, या अन्नाच्या देहाने की आतल्या चैतन्याने? देह तर तुमचा-माझा एकाच अन्नाचा, आणि चैतन्याला सरायला दुसरी जागाच नाही. आचार्यांनी त्याला गुरू मानून नमस्कार केला. आता पेठेत दर क्षणाला कानठळ्या बसवणारा तो भोंगा काय म्हणतो, विचार करा. तो तेच म्हणतो: बाजूला हो. आणि ज्याला तो म्हणतो त्याच्यातही पांडुरंग आहे, हे रात्री कीर्तनात मान डोलावून ऐकलेले असते.

रस्त्यावर कोणी चालावे आणि कोणी चालू नये, हा भेद आपल्या देशाने फार सोसला आहे. चोखोबांना महाद्वाराच्या आत वाट नव्हती. केरळात वैकम येथे १९२४ साली सत्याग्रह झाला, तो देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतालच्या रस्त्यावरून नुसते चालता यावे म्हणून होता. पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावे लागले. जातीने अडवलेली वाट आणि वेगाने अडवलेली वाट एकच आहेत असे मी म्हणणार नाही. पहिल्यात जो अपमान होता त्याची तुलना होत नाही. पण दोन्ही ठिकाणी सार्वजनिक वाट बळकटाची झाली, एवढे साम्य उरतेच.

आणि याची किंमत नुसती गैरसोय नाही. केंद्र सरकारच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत पायी चालणारे ३२ हजारांच्या वर होते. म्हणजे दररोज सुमारे ९० जण. नव्वद माणसांची एक दिंडी रोज घरातून निघते आणि घरी परत येत नाही, असे डोळ्यांपुढे आणा. यात वेगाचे गणित निष्ठुर आहे. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, आणि थांबायला लागणारी जागाही तशीच वाढते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नये. हे औषध महाग नाही, फक्त गर्वाला कडू लागते.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण पुणे. हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशात ओळखले जाई. कारकून, विद्यार्थी, प्राध्यापक सगळे सायकलीवर. तेच पुणे पुढे फटफटीचे झाले. २०१६ साली तिथल्या महापालिकेने पादचाऱ्यांसाठी धोरण ठरवले, २०१७ साली सायकलींचा आराखडा मंजूर केला, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ बांधले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळला. लोक रस्त्याच्या मध्यातून चालले, मुले खेळली. पण पदपथ बांधला की त्यावर फटफट्या चढतात, सायकलींची वाट आखली की तिच्यावर गाड्या उभ्या राहतात, हेही तिथे सर्वांनी पाहिले आहे. दगड आणि सिमेंट यांनी वाट तयार होते. ती मोकळी राहते ती माणसाच्या मनाने.

मात्र वर्षातून एकदा याच शहरात जे घडते ते आराखड्यांहून मोठे आहे. ज्ञानोबारायांची आणि तुकोबारायांची पालखी आषाढीच्या वाटेवर पुण्यात येते, याच लक्ष्मी रस्त्याने जाते, आणि एक भवानी पेठेत पालखी विठोबाच्या, तर दुसरी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला राहते. त्या काळात पेठांचे रस्ते चालणाऱ्यांचे होतात. लाखो पाय चालतात. शहर बुडत नाही. व्यापार बुडत नाही. म्हातारी माणसे ओट्यावरून उतरून रस्त्यात उभी राहतात. मग मी विचारतो, माउलीच्या पादुकांसाठी जी वाट आपण आनंदाने मोकळी करतो, ती माउलीच्या लेकरांसाठी उरलेल्या दिवसांत थोडीशी तरी का मोकळी करू नये? पादुकांना नमस्कार करायचा आणि पायांना तुडवायचे, ही भक्ती कुठली?

यावर आक्षेप येतात, आणि ते ऐकले पाहिजेत. दुकानदार म्हणतो, गाडी दारापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. हीच भीती डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथल्या व्यापाऱ्यांना १९६२ साली वाटली होती, तिथली मोठी बाजारपेठ वाहनांना बंद केली तेव्हा. ती पेठ आजही चालणाऱ्यांची आहे आणि भरभराटीला आहे. कारण उघड आहे. खरेदी पायी चालणारा करतो, धावती गाडी करत नाही. आठवडी बाजारात आपण सगळे पायीच फिरतो आणि पिशव्या भरूनच परततो.

दुसरा म्हणतो, म्हातारे आणि अपंग यांचे कसे? हा आक्षेप सर्वांत वजनाचा, कारण शास्त्राच्या यादीत तेच आहेत. त्यांच्यासाठी हळू चालणारे वाहन, रुग्णवाहिका, उतरती कड असलेला सपाट पदपथ, बसायला बाक, सावलीला झाड, हे सारे आधी झाले पाहिजे. ते न करता नुसता रस्ता बंद करणे म्हणजे तरुणांची चैन. तिसरा म्हणतो, फेरीवाल्याला हाकलूनच पदपथ मोकळा होणार ना? नाही. टोपलीवाली बाई ओझेवाल्यांत मोडते. तिच्या पोटासाठी २०१४ साली देशाने कायदा केलेला आहे. तिला जागा आखून द्यावी आणि चालणाऱ्याला वाट ठेवावी, दोन्ही होऊ शकते.

चालण्याचा महिमा गाताना एक सावधगिरी माथेरान शिकवते. त्या डोंगरावर मोटारींना मज्जाव आहे, आणि ते चांगलेच आहे. पण तिथे वर्षानुवर्षे माणूस बसायचा आणि माणूसच रिक्षा ओढायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवायला सांगितले आणि विजेच्या रिक्षांकडे बोट दाखवले. यातला विवेक ध्यानात घ्या. यंत्र वाईट आणि पाय पवित्र, असा आपला सिद्धांत नाही. दुसऱ्याच्या देहावर आपली सोय उभी करू नये, एवढाच सिद्धांत. तो मोटारीलाही लागू आणि हातरिक्षालाही.

आता मुख्य मुद्दा. वाट देणे ही दया आहे की देणे आहे? पुष्कळ सज्जन वाहन थांबवून म्हाताऱ्याला जाऊ देतात आणि मनात म्हणतात, आपण उपकार केला. इथे व्याकरण उपयोगी पडते. स्मृतिकार वाटेला 'देय' म्हणतात. दा धातूला कृत्य प्रत्यय लागून हा शब्द होतो आणि त्याचा अर्थ, जे दिलेच पाहिजे ते. सावकाराचे कर्जही देयच असते. दान दिले नाही तर पुण्य हुकते. देय दिले नाही तर पाप लागते. चालणाऱ्याची वाट ही दानात मोडत नाही, ती देय आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अडथळ्यावाचून पदपथ वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. शास्त्राने ज्याला देय म्हटले, त्यालाच घटना हक्क म्हणते. देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर देय, घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हक्क.

म्हणूनच 'लोकांची मने बदलतील तेव्हा बदलतील, सक्ती कशाला' हे म्हणणे मला पटत नाही. कर्ज फेडायला सावकाराने ऋणकोच्या उदारपणाची वाट पाहावी, असे कोणी म्हणत नाही. मन घडवणे हे कीर्तनाचे काम. पण दंड ठेवणे हे राजाचे काम, आणि ते राजधर्मात सांगितलेलेच आहे. दोघांनी आपापले काम करावे. आपल्याकडे विहीर खणणे, झाडे लावणे, धर्मशाळा बांधणे याला पूर्तधर्म म्हणतात. अशोकाने वाटेवर वड लावले, अहिल्याबाईंनी घाट आणि धर्मशाळा बांधल्या. आजच्या शहराचा पूर्तधर्म म्हणजे सावलीचा पदपथ आणि सायकलीची निर्धोक वाट.

वारकऱ्यांना तर हा प्रश्न जिवाचा आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात कार्तिकीसाठी आळंदीकडे निघालेल्या नामदेवरायांच्या दिंडीत दिवे घाटात जेसीबी यंत्र शिरले आणि दोघे गेले. त्यांत नामदेवरायांच्या वंशातले एक कीर्तनकार होते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली, आणि दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे ठरले. चांगले झाले. रुंदीकरणात जुनी झाडे गेली, त्याचे दुःख आहेच. पण वारी वर्षातून काही दिवसांची, आणि शाळेची पोरे, मजूर, भाजीवाली यांची वारी रोजची. त्यांना पालखी मार्ग कोण देणार?

आणि बोट दुसऱ्याकडे करताना आपल्या घरात पाहू. सप्ताहाचा मंडप भर रस्त्यात घालून आजाऱ्याची वाट अडवणे, देवळाच्या महाद्वाराला गाड्यांचा वेढा घालणे, दिंडीच्या मालमोटारी दामटणे, हे वैष्णवाला शोभत नाही. नामदेवरायांनी महाद्वारात पायरी होऊन राहणे मागितले, का? तर संतांचे पाय आपल्यावर पडावेत म्हणून. ज्याला पायरी व्हायचे, त्याने चालणाऱ्याची वाट अडवून कसे चालेल? दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. त्यासाठी दोघांनाही जमिनीवर उभे राहावे लागते. वाहनाच्या काचेआडून माणूस दिसतो खरा, पण तो भेटत नाही. पेठ चालण्याजोगी झाली तर माणसाला माणूस भेटेल, हा तिचा सर्वांत मोठा लाभ मी मानतो.

आमचे धामणगाव बढे मोताळा तालुक्यातले. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघून मलकापूर, मोताळा, बुलढाणा, चिखली अशी पंढरीकडे जाते, तो हाच मुलूख. आमच्यासारख्या गावांना अजून वेळ आहे. रस्ता रुंद करा म्हणून आपण अर्ज करतो, पण कोणासाठी रुंद, हे त्यात लिहीत नाही. सरकारने मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या. सायकल दिली, पण ती चालवायला निर्धोक कडा दिली नाही, तर बापाच्या जिवाला घोर लागतो आणि सायकल घरात उभी राहते. सायकल उभी राहिली की शाळा सुटते, आणि शाळा सुटली की लग्न ठरते. वाटेचा प्रश्न असा आयुष्याचा प्रश्न होतो.

तेव्हा वाचकहो, माळ घातलेल्यांनी तरी एवढे धरावे. पेठेत, शाळेजवळ, देवळाजवळ वाहन चालण्याच्या बेताने हाकावे. पायी माणूस दिसला की भोंग्याच्या आधी ब्रेकवर पाय जावा. पदपथावर चाक चढवू नये, गाडी उभी करू नये. बाजारात जाण्याजोगे अंतर असेल आणि पाय धड असतील, तर पायी किंवा सायकलीवर जावे. आणि ग्रामसभेत रस्त्याचा ठराव आला की चालणाऱ्याची वाट आधी आणि गाड्यांची मागून, असे उठून सांगावे. ग्यारा मास वाटेवरच्याला धक्का देऊन बाराव्या मासी वारीला निघालो, तर विटेवरचा तो विचारील, वाटेत मीच उभा होतो, तू मला बाजूला हो का म्हणालास? त्याला द्यायला आपल्याजवळ उत्तर असावे.

रामकृष्णहरि.